शर्यतीतला चाबूक: घोड्याला त्याने वेग येतो का?

प्रश्न असा आहे: शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात जॉकी घोड्याला सपासप चाबूक मारताना दिसतात. त्याने घोडा खरंच जास्त पळतो का? त्याला दुखतं का? आणि चाबकावर बंदी आणली तर शर्यती नीट होतील का?

मी बरीच वर्षं शर्यतीत घोडे पळवले आणि आता नव्या मुलामुलींना शर्यतीची घोडेस्वारी शिकवतो. आधी थोडक्यात उत्तर देतो. दमलेल्या घोड्याला चाबकाने वेग येत नाही. त्याला दुखतं. वेगासाठी मारण्यावर बंदी आणली तरी शर्यती व्यवस्थित होतात, कारण तशा शर्यती आज होत आहेत. चाबूक नुसता हातात असावा की नसावा, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इतकं सरळ नाही.

आधी ही वस्तू कशी असते ते सांगतो. शर्यतीचा चाबूक म्हणजे लांब वादीचा आसूड नव्हे. ती एक आखूड, लवचिक कांडी असते. ब्रिटनमध्ये सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतींसाठी तिची कमाल लांबी ७० सेंटीमीटर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमात ३० इंच आणि वजन ८ औंस ही वरची मर्यादा आहे. टोकाकडच्या भागाला फोमची गादी असते. गादीमुळे आवाज मोठा होतो आणि मार पसरतो, म्हणून लागत नाही, असं या व्यवसायात सगळेच एकमेकांना सांगतात. मीही ते ऐकतच वाढलो. पण घोडा ताशी ६० किलोमीटरने धावतोय, स्वार रिकिबीवर वाकून उभा आहे, एक हात लगामावर आणि दुसरा मागे जातोय, अशा वेळी फटका नेमका गादीच्या भागानेच आणि नेमका पुठ्ठ्यावरच, म्हणजे मागच्या मांसल भागावरच, बसेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. सिडनी विद्यापीठातले पशुवैद्य पॉल मॅकग्रीवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतीच्या चित्रफिती एकेक चौकट थांबवून तपासल्या आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. ६४ टक्के फटक्यांत गादी नसलेला भागही अंगाला लागला होता. ८३ टक्के फटक्यांत कातडी आत दबलेली स्पष्ट दिसत होती. बरेचसे फटके पुठ्ठ्याऐवजी कुशीवर पडले होते. हे चाबूक गादीचेच होते.

आता वेगाबद्दल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

शर्यतीचा घोडा भरधाव धावताना एका झेपेला एकच श्वास घेतो. झेप पडते तेव्हा पोटातले अवयव पुढे सरकतात आणि श्वास बाहेर ढकलला जातो. पुढची झेप उघडते तेव्हा हवा आत येते. म्हणजे धावण्याची लय आणि श्वासाची लय एकमेकांना बांधलेली असते. हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर गेलेले असतात. एक झेप साधारण सहा ते सात मीटरची. शेवटच्या ४०० मीटरमध्ये अशा साठेक झेपा, वेळ चोवीस-पंचवीस सेकंद. या टप्प्यावर येईपर्यंत स्नायूंतलं इंधन घटलेलं असतं, आम्ल साचलेलं असतं, झेप आखूड होऊ लागलेली असते. घोडा ‘द्यायला तयार नाही’ म्हणून मंदावत नाही. त्याच्याकडे द्यायला उरलेलं नसतं. चाबूक त्याच्या फुप्फुसात हवा घालत नाही.

मग डोळ्यांना जे दिसतं त्याचं काय? जॉकीने चाबूक उचलला आणि घोडा सुसाट पुढे निघाला, असं प्रेक्षकाला शंभर वेळा दिसलेलं असतं. त्यात फसगत आहे. शेवटच्या टप्प्यात जवळजवळ सगळेच घोडे मंदावत असतात. जो कमी मंदावतो तो बाकीच्यांच्या तुलनेत पुढे सरकताना दिसतो. त्याच वेळी त्याच्या स्वाराचा हात वरखाली होत असतो. डोळा दोन्ही गोष्टींची गाठ बांधतो. शिवाय पुढे असलेल्या घोड्यांचे स्वारच जास्त मारतात, कारण त्यांनाच जिंकण्याची आशा असते. मागे पडलेला कशाला मारेल? त्यामुळे ‘जिंकलेल्या घोड्याला जास्त फटके बसले’ हे बऱ्याचदा खरं असतं आणि तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

डेव्हिड इव्हान्स आणि मॅकग्रीवी यांनी २०११ साली हेच मोजून पाहिलं. दर २०० मीटरच्या तुकड्याचा वेग आणि त्या तुकड्यात पडलेले फटके त्यांनी समोरासमोर ठेवले. घोडे सरासरीने सर्वांत वेगात धावले ते अंतिम रेषेपासून ६०० ते ४०० मीटरच्या पट्ट्यात, जिथे चाबूक वापरलाच गेला नव्हता. फटके वाढले ते शेवटच्या दोन तुकड्यांत, घोडे थकल्यावर. आणि त्या वाढलेल्या फटक्यांनी वेगात असा काही फरक पडला नाही, ज्यावरून कोण आधी पोचेल ते सांगता यावं. अभ्यास थोड्याच शर्यतींचा होता, त्यामुळे एवढ्यावर मी सगळं ठरवणार नाही. पण स्वार म्हणून मला पाठीवर जे जाणवत आलं त्याच्याशी तो पूर्ण जुळतो.

काय जाणवत आलं तेही सांगतो. ज्या घोड्यात अजून दम शिल्लक आहे पण ज्याचं लक्ष उडालंय, त्याला एक फटका, किंबहुना नुसता दाखवलेला चाबूक, जागं करतो. कान पुढे होतात, पाठ खाली जाते, झेप लांबते. पुढे निघाल्यावर सैल पडणारे घोडे असतात, त्यांना हे लागू पडतं. पण हा परिणाम पहिल्या एकदोन इशाऱ्यांचा असतो. त्यानंतर जे काही पडतं ते घोड्याला पुढे नेत नाही. उलट अनेक घोडे अंग आकसून घेतात, शेपूट गरगर फिरवतात, डोकं वर करतात. आणि डोकं वर गेलं की पाठ ताठ होते, झेप आणखी आखूड होते. स्वाराला तो फरक मांडीखाली लगेच कळतो.

स्वाराच्या बाजूनेही एक किंमत मोजावी लागते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चाबूक मारायला हात मागे गेला की लगाम एका हातात राहतो. खांदा वळतो, वजन एका रिकिबीवर जातं, घोड्याच्या मानेची लय सुटते. ही लय किती मोलाची आहे याचा एक सुंदर पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉकी सरळ बसणं सोडून आखूड रिकिबीवर, मानेवर वाकून स्वारी करू लागले. टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीमुळे ती पद्धत ब्रिटनमध्ये गाजली. २००९ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत थिलो फाऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या बदलाच्या काळात शर्यतीच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. कारण असं की वाकलेला स्वार गुडघे आणि घोट्यांवर झुलत स्वतःचं शरीर जवळजवळ एका रेषेत पुढे नेतो, आणि प्रत्येक झेपेला ते वजन वर उचलून पुन्हा खाली झेलण्याचं काम घोड्याला करावं लागत नाही. त्या झुलण्यासाठी स्वाराला अफाट कष्ट पडतात. म्हणजे घोडेस्वारीच्या इतिहासात वेगात पडलेला एवढा मोठा फरक स्वाराच्या बसण्याच्या पद्धतीमुळे पडला. चाबूक तर त्याआधीही प्रत्येकाच्या हातात होताच.

दुखण्याबद्दल वाद कशाला व्हावा हेच मला समजत नाही, पण होतो, म्हणून लिहितो. ‘घोड्याची कातडी जाड असते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. घोड्याच्या अंगावर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, हे घोड्याजवळ उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. ज्याला माशीचं वजन कळतं त्याला कांडीचा मार कळत नाही, हे कसं? २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या पशुविकृतितज्ज्ञ लिडिया टाँग आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातडीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले. जिथे वेदना टिपली जाते त्या सर्वांत वरच्या थराची जाडी आणि त्यातली मज्जातंतूंची दाटी, या दोन्हींत माणूस आणि घोडा यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. घोड्याची कातडी एकूण जाड आहे हे खरं, पण ती जाडी खालच्या थरात आहे, वेदना टिपणाऱ्या तंतूंच्या खाली. ती वरून पडलेल्या फटक्यापासून वाचवत नाही.

‘धावण्याच्या भरात त्याला जाणवत नसेल’ असंही म्हणतात. शरीर तापलेलं असताना वेदना काही प्रमाणात दबते, हे मलाही मान्य आहे. पण मग जाणवत नसेल तर मारता कशाला? चाबकाचा उपयोग होतो आणि तो दुखत नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ज्या मारावर घोडा वेगाने प्रतिसाद देईल असं तुम्ही मानता, तो मार त्याला नकोसा वाटतो म्हणूनच तो प्रतिसाद देईल.

घोडा शिकतो कसा, हेही इथे महत्त्वाचं आहे. घोड्याला आपण जे काही शिकवतो ते जवळजवळ सगळं दाब देणं आणि दाब सोडणं यातून. टाचेने दाबलं, घोडा पुढे चालला, टाच सैल केली. सोडण्याच्या त्या क्षणी त्याला कळतं की बरोबर उत्तर दिलं. आता शेवटच्या २०० मीटरचा विचार करा. घोडा वेग वाढवतो, तरी फटका पडतो. तेवढाच वेग ठेवतो, तरी पडतो. मंदावतो, तरी पडतो. त्याच्यापाशी असं कुठलंच उत्तर नाही ज्याने मार थांबेल. शिकवणीच्या कुठल्याही कसोटीवर हे शिकवणं नव्हे. असे दिवस वारंवार आलेला घोडा हळूहळू प्रतिसाद देणंच सोडतो, आणि मग तबेल्यात त्याला ‘बेरड झाला’ म्हणतात. त्याला तसं आपण केलेलं असतं.

झापडं घातलेल्या घोड्याचं तर आणखीच वाईट. मोकळ्या डोळ्यांच्या घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, ठीक मागचा आणि नाकासमोरचा छोटा भाग सोडून. त्यामुळे चाबूक उचलला की तो आधी दिसतो आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. झापडांमुळे मागचं दिसणं बंद होतं. त्या घोड्यावर फटका कुठून आला हे न कळताच पडतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की झापडाच्या घोड्यावर हात उचलण्याआधी दुप्पट विचार करा.

आता सुरक्षेचा मुद्दा. चाबूक ठेवण्याच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, आजूबाजूला दहा-बारा घोडे, मध्ये हातभर अंतर. घोडा अचानक बाहेर ओढू लागला, सावलीला बुजला, कठड्याकडे झुकला, तर स्वाराला काहीतरी हाताशी हवं, असं जॉकी म्हणतात. बरोबर आहे. पण घोडा वळवण्याचं मुख्य काम लगाम, पाय आणि वजन करतात. चाबूक त्यांच्या नंतर येतो. आणि एक गोष्ट शर्यतीत रोज दिसते: उजव्या हाताने मारलं की घोडा डावीकडे सरकतो. मारापासून दूर जाणं हा त्याचा स्वभाव. शेजारच्याच्या वाटेत घुसल्याच्या कितीतरी चौकश्या अशा सरकण्यातून उद्भवतात. म्हणजे सुरक्षेसाठी बाळगलेली वस्तूच वेगासाठी वापरल्यावर धोका तयार करते.

ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी ‘हँड्स अँड हील्स’ शर्यती होतात. चाबूक हातात असतो, पण पुढे पळवण्यासाठी वापरायचा नाही. फक्त हात आणि टाचा. किरिली थॉम्पसन, मॅकग्रीवी आणि सहकाऱ्यांनी २०१७ ते २०१९ मधल्या अशा ६७ शर्यती आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण चाबकाची मुभा असलेल्या ५९ शर्यती यांचे स्टुअर्ड्सचे, म्हणजे शर्यतीवर देखरेख ठेवणाऱ्या पंचांचे, अहवाल तपासले. घोडे सरळ धावणं, एकमेकांच्या आड येणं, अपघाताच्या घटना, जॉकींचं वागणं, शर्यतीला लागलेला वेळ, कशातही लक्षणीय फरक नव्हता. लक्षात घ्या, हे सगळे नवशिके स्वार होते. चाबकाशिवाय घोडा ताब्यात राहत नाही असं असतं, तर सर्वांत आधी यांच्या शर्यतीत ते दिसलं असतं.

अडथळ्यांच्या शर्यतींचं चित्र अधिक गंभीर आहे. जिना पिंचबेक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ब्रिटनमधल्या हर्डल आणि स्टीपलचेस शर्यतींतल्या पडझडीचा अभ्यास छापला. चाबूक खात शर्यतीत पुढे सरकणाऱ्या घोड्यांचा पडण्याचा धोका, चाबूक न खाणाऱ्या आणि आपली जागा धरून असलेल्या किंवा मागे पडणाऱ्या घोड्यांच्या सात पटींहून जास्त निघाला. कारण समजायला कठीण नाही. अडथळ्याआधीच्या शेवटच्या काही झेपांत घोडा स्वतः अंतर मोजत असतो. त्या क्षणी त्याला ढोसलं की तो मोजणं सोडून उडी घेतो. अडथळ्याच्या तोंडावर चाबूक मारणं हे माझ्या मते या खेळातलं सर्वांत बेजबाबदार काम आहे, आणि ते स्वाराच्याही जिवावर बेततं.

मग जॉकी का मारतात? ते क्रूर असतात म्हणून नाही. बहुतेकांचं घोड्यांवर खरंखुरं प्रेम असतं. खरं कारण आहे साक्ष. शर्यतीचे नियम सगळीकडे सांगतात की घोडा जिंकण्यासाठी, किंवा शक्य तितका वरचा क्रमांक मिळवण्यासाठी पूर्ण प्रयत्नाने पळवला पाहिजे. त्यावर लोकांचे पैसे लागलेले असतात. स्वार शांत बसून, हाताने ढकलत, थोडक्यात हरला, तर मालक विचारतो, ट्रेनर विचारतो, स्टुअर्ड्स विचारतात: प्रयत्न केलास का? उचललेला चाबूक या प्रश्नाचं लांबून दिसणारं उत्तर आहे. हात वरखाली झाला की सगळे समाधानी. घोड्याला काय झालं हा मुद्दाच राहत नाही. या गोष्टीला हात घालत नाही तोवर बाकीचे नियम वरवरचे राहतात असं माझं ठाम मत आहे. प्रयत्न मोजायची साधनं आहेत: स्वाराने जागा कुठे धरली, कुठल्या क्षणी घोडा सोडला, मांड आणि हात घोड्याच्या मानेबरोबर शेवटच्या झेपेपर्यंत चालू होते का. कॅमेरे सगळं टिपतात. अनुभवी स्टुअर्डला चाबूक न पाहताही कळतं की स्वार झटतोय की नाही.

नियमांचं थोडक्यात सांगतो. नॉर्वेने १९८२ मध्येच घोडा पळवण्यासाठी चाबूक वापरायला मनाई केली. पुढे दोन वर्षांच्या घोड्यांच्या आणि अडथळ्यांच्या शर्यती सोडून बाकी ठिकाणी तो हातात धरायलाही बंदी आली. तिथे आजही शर्यती होतात. अमेरिकेत २०२२ पासून राष्ट्रीय नियम आहे: एका शर्यतीत जास्तीत जास्त ६ फटके, एका वेळी दोनपेक्षा जास्त नाहीत, आणि पुन्हा वापरण्याआधी घोड्याला प्रतिसादासाठी किमान दोन झेपा द्यायच्या. फ्रान्सने मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत ४ वर नेली. भारतात प्राण्यांच्या खेळांसंबंधीच्या केंद्रीय नियमांत गादीचाच चाबूक आणि एका शर्यतीत तीनपेक्षा जास्त फटके नकोत, अशी तरतूद आहे. ऑस्ट्रेलियात शेवटच्या १०० मीटरच्या आधी ५ फटक्यांची मर्यादा आहे आणि सलग झेपांवर मारता येत नाही. पण शेवटच्या १०० मीटरमध्ये स्वाराच्या विवेकावर सोडलंय. मला ही सवलत उलटी वाटते. शेवटच्या १०० मीटरमध्ये पंधराएक झेपा असतात आणि घोडा सर्वांत जास्त तिथेच थकलेला असतो.

ब्रिटनचा प्रवास सर्वांत शिकण्यासारखा आहे. २०११ च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या मोठ्या शर्यतीत बॅलाब्रिग्ज या घोड्यावर जिंकलेल्या जॉकी जेसन मॅग्वायरला चाबकाच्या अतिवापरासाठी ५ दिवसांची बंदी झाली. त्याच वर्षी रॉयल ॲस्कॉटच्या शर्यतींत जॉकी फ्रँकी डेटोरीने रिवाइल्डिंग या घोड्याला २४ फटके मारून शर्यत जिंकली आणि ९ दिवसांची बंदी घेतली. दोन्ही घोडे जिंकलेलेच राहिले, बक्षीस मालकाकडेच राहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये नवे नियम आले: सपाट शर्यतीत ७ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ८ फटके, त्यातही शेवटच्या फर्लांगात (सुमारे २०० मीटर) ५ च. लगेच ॲस्कॉटला चॅम्पियन स्टेक्स झाली. सिरस दे एग्ल या घोड्यावर जिंकलेल्या क्रिस्तोफ सुमियाँने शेवटच्या फर्लांगातली मर्यादा एका फटक्याने ओलांडली आणि त्याचा सुमारे ५० हजार पौंडांचा वाटा जाण्याची शिक्षा झाली. जॉकी खवळले, आणि आठवड्याभरातच ती फर्लांगाची अट काढून टाकली गेली.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती: शिक्षा फक्त जॉकीला. मालक आणि ट्रेनर यांचं काहीच जात नव्हतं. मोठ्या शर्यतीत दोन फटके जास्त मारून जिंकणं आणि आठवडाभर घरी बसणं, हा हिशेब जॉकीलाही परवडत होता आणि त्याला बोलावणाऱ्यांना तर परवडतच होता. २०२३ मध्ये हे बदललं. मर्यादा सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७ झाली, आणि मर्यादेपेक्षा ४ किंवा अधिक फटके जास्त झाले तर घोडाच बाद. या एका कलमाने जे झालं ते आधीच्या इतक्या वर्षांच्या दंडांनी झालं नव्हतं: ट्रेनर स्वतः जॉकीला सांगू लागले, मोजत जा. माझा आक्षेप इतकाच की ४ ची ढील फार आहे. एक जास्त फटका म्हणजे बाद, असं ठेवलं तर एका हंगामात सगळे शिकतील. जॉकी मंद नसतात. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात ते फट शोधतात, झेपा मोजतात, शेजारच्याचा श्वास ऐकतात. सहापर्यंत मोजणं त्यांना जड नाही.

‘पण मग आळशी घोडे जिंकणारच नाहीत’ असं कुणी म्हणेल. न जिंकोत. शर्यत जर घोड्यांची पारख असेल तर मनापासून धावणारा घोडा पुढे येणं हेच तिचं काम आहे, आणि पुढच्या पिढ्याही त्याच्याच वंशातून आलेल्या बऱ्या.

मी स्वतः कुठे उभा आहे ते सांगतो. चाबूक हातात असू द्या, कारण पहिल्यांदा धावणारं दोन वर्षांचं शिंगरू कठड्याकडे जाऊ लागलं तर त्या स्वाराला मी निःशस्त्र पाहू इच्छित नाही. पण पळवण्यासाठीच्या फटक्यांची मर्यादा शून्य असावी. आणि सावरण्यासाठी वापरला तर शर्यतीनंतर स्वाराने स्टुअर्ड्सना कारण सांगावं.

यावर नेहमीचा प्रश्न असतो: सावरणं कुठलं आणि पळवणं कुठलं, हे ओळखायचं कसं? प्रत्येक जॉकी मग सावरल्याचंच म्हणेल. ओळखता येतं, आणि चित्रफीत पाहणाऱ्या कुणालाही येतं. आधी बघा, घोडा कुठल्या बाजूला झुकतोय आणि चाबूक कुठल्या हातात आहे. डावीकडे झुकणाऱ्या घोड्याला सावरायचं तर चाबूक डाव्या हातात हवा. तो उजव्या हातात असेल तर स्वार घोड्याला आणखी डावीकडेच ढकलतोय. मग बघा, फटक्याच्या आधी लगाम आणि पाय वापरले का. आणि शेवटी फटक्यानंतरचा हात बघा. सावरणारा हात एकदा जातो आणि ताबडतोब लगामावर परत येतो, कारण घोडा वळवायला त्याला दोन्ही हात हवे असतात. पळवणारा हात हवेतच राहतो आणि पुढच्या झेपेला पुन्हा खाली येतो.